एकादशीचा केक

राजेश्वरीने सकाळपासून किती वेळा फ्रिज उघडला असेल, ते त्या फ्रिजलाच ठाऊक. दार उघडायचं, आतल्या केककडे बघायचं, दार लावायचं. ओट्यापर्यंत जायचं, काहीतरी आठवल्यासारखं करायचं आणि परत फिरायचं. शेवटी सोप्यात पेपर वाचत बसलेले तिचे सासरे, अप्पा, चष्म्यावरून बघत म्हणाले, "सूनबाई, आत काय जनावर कोंडलंय का? पळून जात न्हाय ते."

"क्रीम उतरतंय का बघत होते, अप्पा. ऊन किती आहे."

"तू सारखं दार उघडलंस तर उतरंलच की."

तेही खरंच होतं. राजेश्वरी ओशाळून हसली आणि पताका लावायला गेली. पण हात पताकांत आणि जीव फ्रिजमध्ये, असं तिचं चाललं होतं.

केक तिच्या सासूबाईंचा, बनाबाईंचा. वाढदिवस एक जूनला. आता बनाबाई खरोखर कधी जन्मल्या ते कुणालाच माहीत नव्हतं. शाळेत नाव घालताना बापाला तारीख आठवेना, म्हणून गुरुजींनी एक जून मांडली. दोन यत्तांत शाळा सुटली, तारीख मात्र जन्माची चिकटली. भवानीनगरच्या आसपास अशी एक जूनची म्हातारी माणसं वाड्या-वस्त्यांवर उदंड. अप्पांचीही तीच तारीख. केकची बोलणी सुरू झाली तेव्हा ते म्हणालेच होते, "माझा बी एक जूनच हाय की. मला कोन केक करतंय?" त्यावर सगळे हसले आणि विषय तिथंच राहिला.

बनाबाईंनी आजवर केकचा तुकडा तोंडात घातला नव्हता. नात छकुली, तिच्या प्रत्येक वाढदिवसाला बेकरीतला केक यायचा. बनाबाई सुरीला हात लावायच्या, पोरीला भरवायच्या आणि बोटं लुगड्याला पुसून बाजूला व्हायच्या. "अंड्याचं आसतं बाई. तुमी खावा." यंदा त्या सत्तरीच्या झाल्या, कागदोपत्री का होईना. राजेश्वरीच्या नवऱ्याने, यशराजने, ठरवलं की आईचा वाढदिवस दणक्यात करायचा. राजेश्वरी एका लग्नासाठी माहेरी लोणी भापकरला गेली होती, तेवढ्यात या गड्याने सगळ्या भावकीला आमंत्रणं देऊनही टाकली. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान मे महिन्याचं होतं. ते उलटून बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

राजेश्वरीने आल्या आल्या पान उलटलं, आणि कपाळाला हात लावला. एक जूनला एकादशी.

बनाबाई एकादशी करायच्या ती लग्न होऊन या घरात आल्यापासून. बाळंतपणातही त्यांनी ती चुकू दिली नव्हती. आणि राजेश्वरीही करायची. सकाळी देवाला दिवा लावल्याशिवाय चहा नाही, पोथीचा अध्याय वाचल्याशिवाय जेवण नाही, ही तिची माहेरची सवय सासूबाईंच्या सोबतीने आणखी पक्की झाली होती. दोघींचं फार बोलणं व्हायचं नाही. पण एकादशीला दुपारी दोघी मागच्या दारी बसून शेंगदाणे सोलायच्या, तेव्हा न बोलताही बरंच बोलणं व्हायचं.

"आसू दे की," तारीख कळल्यावर बनाबाई म्हणाल्या. "मी आपली बघीन. तुमी खावा."

ते 'मी आपली बघीन' राजेश्वरीला लागलं. जन्मभर बघतच आली ही बाई. ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, मी उपासाला चालणारा केक करते. अंडं नाही, धान्याचा कणही नाही. खाल का?"

बनाबाईंनी तिच्याकडे बघितलं. "तू केलास तर खाईन. तुज्या हातचं इचारावं लागत न्हाय."

झालं. त्या एका वाक्याने तिची झोप उडवली.

राजेश्वरीच्या माहेरी एकादशीला भगर चालायची, सासरी चालत नव्हती. म्हणून भगरीचं पीठ बाद. राजगिऱ्याचं आणि शिंगाड्याचं पीठ, घरचं तूप, दही, चिमूटभर सोडा आणि वर लिंबू. पहिला केक बसला तो भाकरीसारखा. दुसरा फुगला, पण मधे खड्डा. "विहीर पाडलीस व्हय गं?" अप्पांनी विचारलं. मग एक भट्टी ऐन रंगात असताना लाईट गेली. चौथ्यांदा मात्र केक असा वर आला, की ओव्हनच्या काचेला नाक लावून बसलेली छकुली टाळ्याच पिटायला लागली.

सजावटीसाठी घरच्या लोण्यात साखर फेटायची होती. घरात साखर कारखान्याकडून सभासदांना मिळणाऱ्या साखरेचं अख्खं पोतं, कट्टाच, उभा होता. ती मिक्सरला फिरवून बघितली, पण लोण्यात रवाळ राहिली, फुलाच्या पाकळ्या फाटायला लागल्या. मग यशराजकडून तिने बारामतीहून खास केकची पिठीसाखर मागवली. काय मऊ होती! बोटात धरली तर धरल्यासारखी वाटू नये. इंदापूरकडच्या डाळिंबाच्या रसाने गुलाबी रंग आला, केशराने पिवळा, पिस्त्याच्या भुग्याने हिरवा. एकादशीच्या सकाळी, पूजा आटोपून, तिने केकभर बोगनवेल काढली. घराच्या फाटकावर आहे ना, अगदी तशी. शेवटची फुलं छकुलीने स्वतः कोनातून पिळली. ती जरा वाकडी झाली, पण फाटकावरची तरी कुठं सरळ असतात?

उरलेलं वाडग्याला चिकटलं होतं. राजेश्वरीने बोटाने पुसून जिभेवर ठेवलं. उपासाचंच तर होतं. जिभेवर ठेवताच विरघळलं. इतकं चांगलं आपल्या हातून झालं, याचंच तिला नवल वाटलं.

दुपारी वालचंदनगरहून तिची नणंद अनिता आली. कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहणारी, बोलायला मोकळी, हसायला त्याहून मोकळी. आल्या आल्या तिने फुगे फुगवायला घेतले. उन्हाच्या कडाक्याने ते एकामागून एक फुटत होते, आणि प्रत्येक फुग्याला राजेश्वरी दचकत होती.

"वहिनी, किती घाबरता? केक हाय, परीक्षा न्हाय." अनिता पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली आणि फ्रिज उघडून बघतच राहिली. "आगं बया! हे तुमी केलंय? आमच्या केकच्या क्लासच्या बाईंना बी असं जमत न्हाय." मग ओट्यावरचं पिठीसाखरेचं पाकीट उचलून ती सहज म्हणाली, "आनि आईसाठी ह्याच साखरंचं केलंय? तिला एकादशी हाय ना आज?"

"साखरच आहे की ती, अनिताताई."

"साखर हाय, पन नुसती न्हाय. गुठळ्या व्हऊ नयेत म्हणून मक्याचं पीठ घालत्यात ह्यात. आमाला पैल्याच दिवशी सांगितलंवतं."

राजेश्वरीने पाकीट तिच्या हातून घेतलं. मागे बारीक अक्षरांत होतंच ते. तिने ते परत ओट्यावर ठेवलं. सरळ ठेवलं, मग पालथं ठेवलं, मग मिसळणाच्या डब्याच्या मागे सारलं.

मका. म्हणजे धान्य. आणि सकाळी वाडगं पुसून आपण खाल्लं ते काय?

"मी काय बोलले न्हाय, तुमी काय ऐकलं न्हाय," अनिता कुजबुजली. तिचा चेहराही उतरला होता. "चिमूटभर तर आसंल, वहिनी."

खुर्च्या उतरवून यशराज आत आला, तेव्हा राजेश्वरीने त्यालाही सांगितलं. तो घामाने निथळत होता. "आगं, मक्यावरनं देव रुसून बसतोय व्हय? सत्तर वर्षांनी आई केक खानारय. भावकी येतीय. गप ऱ्हा आनि खाऊ दे तिला."

"अहो, पण त्यांना ठाऊक नाही."

"ठाऊक न्हाय तर दोष बी न्हाय. तुमच्याच पोथीत आसतंय की तसं."

पोथीत असतं खरं. न कळत घडलं त्याचा दोष नाही. पण तो खाणाऱ्याला. जाणून खाऊ घालणाऱ्याला काय, ते यशराजने कशाला वाचलं असेल?

राजेश्वरीला एका जागी थांबवेना. केकच्या टेबलामागे पडदा म्हणून लावलेल्या साड्या सारख्या करायला ती गेली. साड्या नीटच होत्या. झेंडूच्या माळा खालच्या वर केल्या, वरच्या खाली. दारात रांगोळी काढायला बसली, तर ठिपकेच चुकले. पुसून पुन्हा घातले, पुन्हा चुकले. आपली एकादशी मोडली याचं दुःख एवढं नव्हतं. ते आपल्यापुरतं होतं, त्याचं काय ते आपण आणि देव बघून घेऊ. पण 'तुज्या हातचं इचारावं लागत न्हाय' म्हणणाऱ्या बाईच्या तोंडात तो घास कसा घालायचा? आणि सांगायचं, तर तिच्या तोंडचा घास काढायचा कसा?

एक वाट दिसली. खालचा केक तर चोख होता, दोष होता तो वरच्या सजावटीत. सगळं क्रीम खरवडून काढलं, की प्रश्न मिटला. तिने केक बाहेर काढला, सुरी घेतली आणि कडेच्या एका फुलाला टेकवली.

"आई! ती माझी फुलं हायेत!"

छकुली दारात उभी होती. नवा परकर, केसांत क्रेपच्या कागदाचा गजरा, ओठ आत्ताच थरथरायला लागलेले.

"अगं, नीट करतेय."

"आजीनं बघितल्यात ती. ती म्हनली, मला हे वाकडं फूलच पायजे."

राजेश्वरीने सुरी खाली ठेवली. बोगनवेल खरवडली तरी लोणी आत मुरलेलं असणार, असं तिने स्वतःला सांगितलं. तेही खरं होतं. पण हात थांबला तो त्याने नव्हे.

मग ती सरळ सासूबाईंच्या खोलीत गेली. आता सांगायचं, एका दमात. बनाबाई आरशासमोर उभ्या होत्या. नवं हिरवं इरकली लुगडं, त्याच्या निऱ्या काही केल्या त्यांच्या मनासारख्या पडेनात. राजेश्वरीला बघून त्या लाजल्या.

"ये गं. जरा मागनं नीट कर. यशानं भारीतलं आनलंय, आंगाला बसंना झालंय."

राजेश्वरी गुडघ्यांवर बसून निऱ्या सारख्या करू लागली. तोंड उघडायचं म्हणून तिने श्वास घेतला.

"सकाळधरनं पान्याबिगर काय घेतलं न्हाय बघ," वरून आवाज आला. "साबुदाना बी न्हाय खाल्ला. म्हटलं, केकाला जागा ठिवावी." आणि त्या पोरीसारख्या हसल्या. "कसा लागतो गं? शिऱ्यावानी, का बर्फीवानी?"

"मऊ लागतो," राजेश्वरी म्हणाली. निऱ्या झाल्या होत्या. ती उठली आणि बाहेर आली. काही न सांगता.

दिवेलागण झाली. अंगणात खुर्च्या भरल्या. कुणी ट्रॅक्टर घेऊन आलं, कुणी गाड्यांवरून तिघं-तिघं. गेणबातात्या, सारजाकाकू, पोरांचा कालवा. जे फुगे वाचले होते ते पोरांनी फोडले. केक टेबलावर आला, तेव्हा सगळ्यांनी "आरारा" केलं आणि दहा मोबाईल वर झाले. राजेश्वरी देवघरात दिवा लावत होती. काडी विझली. दुसरी ओढली, तीही विझली. पंखा बंद होता, वाराही नव्हता.

पाठीमागे लुगडं सळसळलं. बनाबाई देवाला हात जोडायला आल्या होत्या. त्यांनीच तिच्या हातातली पेटी घेतली, दिवा लावला, डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग डोळे उघडून म्हणाल्या, "केकाचा निवद दाखिवलास का देवाला? आदी त्येला, मग मला."

आता पुढे कुठं पळणार? नवऱ्याचं ऐकून गप्प बसता आलं, निऱ्यांशी बसून गप्प राहता आलं. देवापुढे नैवेद्याचं ताट ठेवून गप्प कसं राहायचं?

"आत्याबाई," ती म्हणाली, "तो दाखवता येणार नाही. बारामतीहून आणलेल्या साखरेत मक्याचं पीठ निघालं. मला माहीत नव्हतं. दुपारी कळलं. दुपारपासून सांगायचं होतं."

बनाबाईंनी काड्यांची पेटी देव्हाऱ्याच्या कडेला ठेवली. बाहेर कुणीतरी माईकवर 'हॅलो, हॅलो' करत होतं.

"घरात कारखान्याची साखर कट्टाभर," अखेर त्या म्हणाल्या, "आन तू इकत आनलीस?"

"घरची रवाळ लागत होती. फुलं फाटत होती."

"फुलं फाटत हुती." त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "तू चाखलंस?"

"वाडगं पुसून. बोटभर. तेव्हा ठाऊक नव्हतं."

"आन ठाव झाल्याव?"

"नाही. पाणीसुद्धा नाही."

बनाबाईंनी तिच्याकडे असं बघितलं, की राग आहे की माया ते कळेना. त्या आणखी काही बोलणार होत्या, तोवर दारातून यशराज ओरडला, "आई, चल की! समदी खोळंबल्यात!" बनाबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि गेल्या. काय करणार, खाणार की नाही, एक अक्षर नाही. राजेश्वरी मागोमाग गेली.

गाणं झालं. टाळ्या झाल्या. बनाबाईंनी छकुलीचा हात धरून सुरी चालवली, नेमकी वाकड्या फुलाला चुकवून. यशराजने तुकडा उचलला आणि आईच्या तोंडाजवळ नेला. "खा आई! व्हिडिओ चालू हाय!" पोरं ओरडायला लागली, "खा! खा! खा!" सारजाकाकू म्हणाल्या, "खा गं बनाबाई, सुनंनं उपासाचा केलाय म्हनं. गावात कुनाची सून करती आसं?"

राजेश्वरीने अनिताचा हात घट्ट धरला. आता एवढ्या माणसांत बनाबाईंनी 'हा उपासाचा नाही' म्हटलं, तर सुनेचा पचका होणार होता. आणि तसं म्हटलं नाही, तर तो घास त्यांना खावा लागणार होता. बनाबाई हे ओळखून होत्या. त्यांची नजर एकदा गर्दीवरून फिरली, सुनेवर क्षणभर थांबली, आणि मग त्यांनी लेकाच्या हातातला तुकडा आपल्या हातात घेतला.

"आगं बाई, पर ह्यांचा बी एक जूनच हाय की!"

आणि वळून, अप्पांना काही कळायच्या आत, अख्खा तुकडा त्यांच्या तोंडात कोंबला.

अंगण फुटलं हसून. अप्पांच्या मिशा गुलाबी झाल्या, त्यांना बोलताही येईना. उभ्या जन्मात बायकोने चारचौघांत पाणी म्हणून हातात दिलं नव्हतं, आज घास भरवला होता. गेणबातात्या खुर्चीवरून ओरडले, "अप्पा, लाजलास काय लेका?" अप्पा कसाबसा घास गिळून म्हणाले, "ह्याला म्हनत्यात वाढदिवस! आता म्होरल्या साली बी असाच पायजे." त्या गलक्यात केक वाटला गेला, मोबाईल खाली आले, आणि बनाबाईंनी खाल्लं का नाही, हे विचारायचं भान कुणालाच राहिलं नाही. छकुलीने मात्र वाकडं फूल असलेला तुकडा एका वाटीत काढला आणि आईच्या हातात दिला. "हा आजीचा. कुनाला देऊ नको."

पाहुणे पांगले, तरी राजेश्वरीच्या जिवाला थारा नव्हता. सासूबाई तिच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. केळं आणि दूध घेऊन त्या झोपायला गेल्या. राजेश्वरीने तेवढंही घेतलं नाही. मोडलेला उपास पुढे चालवायचा असतो की नसतो, हे कुणाला विचारावं ते तिला कळेना, म्हणून तिने तो चालवला.

द्वादशीला सकाळी अंघोळ करून ती तुळशीला पाणी घालत होती. झेंडूच्या माळा सुकल्या होत्या, एक पताका उसाच्या बांधापर्यंत उडाली होती. बनाबाई पायरीवर येऊन बसल्या. उपास सोडायला तुळशीचं पान तोंडात टाकलं. एरवी यानंतर भाकरी असायची.

"छकुलीनं ठिवलेलं आन."

राजेश्वरीने वाटी आणली. बनाबाईंनी आधी केक हुंगला, मग बोटाने दाबला, मग लहानसा तुकडा मोडून तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिल्या. राजेश्वरी वाटी धरून उभी.

"शिऱ्यावानी न्हाय," त्या म्हणाल्या. "बर्फीवानी बी न्हाय. न्यारंच काय तरी हाय." अजून एक घास. "चांगलं हाय."

"आत्याबाई, काल मी दुपारीच सांगायला पाहिजे होतं. तुमच्या खोलीत आले होते, पण..."

"ठाव हाय. निऱ्या घालाया येवडा येळ लागत न्हाय कुनाला." त्यांनी वाकडं फूल उचलून बघितलं. "म्होरल्या बारीला घरचीच साखर घे. रवाळ लागली तर लागू दे. दातं हायेत मला आजून."

मग ते फूल त्यांनी बरोबर मधोमध मोडलं, आणि अर्धं सुनेपुढे धरलं.

"घे. तुजं बी पारणं हाय न्हवं?"